ओव्याच्या तेलाचे वर्तुळ जेंटामायसिनपेक्षा मोठे आले, म्हणजे तेल अधिक गुणकारी का?

सिन्नरकर:
माझ्या शेडमध्ये ५,००० ब्रॉयलर पक्षी असून ते आज २४ दिवसांचे आहेत. आठवडाभर मरतूक वाढते आहे. शवविच्छेदनात हृदयावर व यकृतावर पिवळसर पापुद्रा दिसला आणि हवेच्या पिशव्याही गढूळ होत्या, म्हणून आमच्या पशुवैद्यांनी नमुने तपासणीला पाठवले. अहवालात ई. कोलाय हा जिवाणू निघाला, एन्रोफ्लॉक्सासिन व टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकांपुढे ‘आर’ (जिवाणू दाद देत नाही), तर जेंटामायसिनपुढे ‘एस’ (संवेदनशील, म्हणजे जिवाणूची वाढ थांबते) आहे. मध्यंतरी खाद्यपूरके विकणाऱ्या एका गृहस्थांनी मला जिवाणू वाढवलेल्या एका प्लेटचे छायाचित्र दाखवले, ज्यात जेंटामायसिनच्या चकतीभोवती १९ मिमी आणि ओव्याच्या तेलाच्या चकतीभोवती २८ मिमी वर्तुळ आहे, म्हणजे तेवढ्या भागात जिवाणू वाढलेले नाहीत. मग अँटिबायोटिक सोडून तेलच पाण्यातून द्यावे का?

पेट्री:
मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो. छायाचित्र खरे असले तरी त्यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष निघत नाही. जेंटामायसिनच्या प्रमाणित चकतीत १० मायक्रोग्रॅम औषध असते. तेलाच्या चकतीवर मात्र बहुधा १० मायक्रोलिटर निव्वळ तेल टाकतात, म्हणजे सुमारे ९,००० मायक्रोग्रॅम. नऊशे पट माल ओतून वर्तुळ नऊ मिलिमीटरने वाढले, तर त्यात नवल ते काय?

शिवाय वर्तुळाचा आकार औषधाच्या गुणाची थेट फूटपट्टी नव्हे. ई. कोलायसाठी टेट्रासायक्लिनला १५ मिमी पुरते, तर अँपिसिलिनला १७ लागतात. म्हणजे १६ मिमीचे वर्तुळ एका औषधाला ‘संवेदनशील’ ठरवते आणि दुसऱ्याला नाही. या सीमा रक्तात औषध किती पोहोचते, उपचाराला यश किती येते, हे पाहून ठरतात. ओव्याच्या तेलासाठी अशी मान्य सीमाच नाही. त्यातच तेल पाण्यात विरघळत नसल्याने अगारमध्ये (प्लेटवरील जेलीसारख्या थरात) नीट पसरत नाही आणि त्यातील थायमॉल हा मुख्य घटक वाफेवाटेही शेजारच्या जिवाणूंपर्यंत पोहोचते.

विक्रेत्याकडे द्रव माध्यमातील तपासणी मागा: तेलाची सर्वांत कमी कोणती मात्रा तुमच्याच नमुन्यातील जिवाणूची वाढ रोखते, आणि तेल मिसळण्यासाठी वापरलेल्या ट्वीन ८० या द्रावकाची, तेल न घातलेली वेगळी नळी तुलनेसाठी ठेवली होती का.

डॉ. परसातले:
वरील मुद्द्यांशी सहमत आहे, पण अहवालातील ‘एस’ कडेही डोळसपणे पाहावे. जेंटामायसिन आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषले जात नाही. ते पाण्यातून दिले तर प्लेटवर कितीही प्रभावी असो, हवेच्या पिशवीतील संसर्गापर्यंत पोहोचणार नाही. तेलाची अडचणही याच जातीची आहे, कारण थायमॉल आतड्याच्या वरच्या भागातच शोषले जाते, त्याचे शरीरात झपाट्याने रूपांतर होते आणि हृदयावरणापर्यंत परिणामकारक मात्रा टिकेल असे मानण्यास आधार नाही. आतड्याच्या तक्रारींत पूरक म्हणून तेलाचा विचार करता येतो. आजच्या आजारात तो उपचार नव्हे.

नमुना कोठून घेतला होता? गुदद्वारातून घेतला असेल तर तेथे निरोगी पक्ष्यातही ई. कोलाय सापडतोच. औषध सुरू करण्यापूर्वी, नुकत्याच मेलेल्या पक्ष्याचे यकृत किंवा हृदयातील रक्त निर्जंतुक पद्धतीने घेऊन बर्फात पाठवावे. आणि कोणी कोलिस्टिन हे अँटिबायोटिक सुचवले तर थांबा. खाद्यासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत व कुक्कुटपालनात त्याच्या वापरावर २०१९ पासून भारतात बंदी आहे.

शेडवाला:
एक अनुभव सांगतो. मी एकदा असे तेल थेट टाकीत ओतले. ते वर तरंगले, पक्षी ज्यातून पाणी पितात त्या निपलमध्ये बसले आणि निम्म्या पक्ष्यांनी पाणी पिणेच कमी केले. औषध वाया गेले ते वेगळेच!

सिन्नरकर:
सर्वांचे आभार. चौकशी केली तेव्हा नमुना गुदद्वारातूनच घेतला होता असे कळले. उद्या ताजे मृत पक्षी बर्फात घालून पुण्यातील औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवतो. डॉक्टर, आमच्या बोअरचे पाणी फार जड आहे. त्याचा औषधावर काही परिणाम होतो का?

डॉ. परसातले:
होतो. एन्रोफ्लॉक्सासिन व टेट्रासायक्लिन यांना पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बांधून ठेवतात, त्यामुळे पक्ष्याला मात्रा कमी मिळते. मृत पक्ष्यांसोबत पाण्याची बाटलीही पाठवा, आणि नवा अहवाल येईपर्यंत शेडमधील ओले तूस काढून अमोनिया कमी करा.