पहिल्यांदा का गेलात, आणि पुन्हा का गेलात? (सोलापूरकरांचे मदतकार्यातले अनुभव)

तळ्याकाठी:
मंडळी, गेल्या रविवारी आमच्या मदत संस्थेत नव्या स्वयंसेवकांची नोंदणी होती. अर्जात एक रकाना असतो, 'आपणांस का यावेसे वाटते?' बहुतेक जण तिथे 'समाजसेवेची आवड' लिहून पुढे सरकतात. एका मुलीने तो कोराच ठेवला आणि मला विचारलं, "काका, खरं काय लिहितात लोक?" पंचवीस वर्षं हे काम करतोय, पण मला तिथल्या तिथे काही सांगता आलं नाही.

घरी येताना डॉ. कोटणीस डोक्यात होते. आपल्या गावचा माणूस. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते गेले. वय २८ सुद्धा पूर्ण नव्हतं, पुढच्या शिक्षणाची तयारी चालू होती, तिथली भाषा येत नव्हती. ९ डिसेंबर १९४२ ला तिकडेच गेले, ३२व्या वर्षी. जायला निघाले त्याचं कारण एक असेल आणि तिथे राहिले त्याचं दुसरंच असेल, असं मला राहून राहून वाटतं. म्हणून तुम्हालाही दोन प्रश्न. पहिल्यांदा का गेलात? पुन्हा का गेलात? संस्थांची आणि माणसांची नावं नकोत, बाकी सगळं सांगा.

जुनी गिरणी:
१९९३. अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपून उशिरा येऊन पडलो होतो. पहाटे चारच्या सुमारास पत्रे वाजले, फळीवरची भांडी खाली आली. सकाळी किल्लारीच्या भूकंपाचं कळलं. मग सिव्हिलला ट्रक, एसटी, जीप, मिळेल त्या गाडीतून माणसं यायला लागली. मी गेलो ते बघायला. फाटकाशी गर्दी होती, त्यात मी एक. आतून एक सिस्टर आल्या, माझ्या हातात सलाइनची बाटली दिली, "खांद्याच्या वर धर, खाली करू नको" म्हणाल्या आणि आत गेल्या. स्टँड पुरत नव्हते. खाली गादीवर एक आजी, केसांत, कानांत, पापण्यांवर माती. दीडेक तास हात बदलत उभा होतो. आजी एकदाच बोलल्या, "म्हशीचं दावं सोडलंय का बघ."

पुढच्या आठवड्यात उमरग्याच्या पुढे ट्रक घेऊन गेलो. तिकडची घरं तुम्ही पाहिली असतील. दोन-अडीच फुटी दगडी भिंती, चिखलात रचलेल्या, वर लाकडाचं माळवद आणि माळवदावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार राहतं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तशीच बांधलेली. ते सगळं ओझं झोपलेल्या माणसांच्या अंगावर आलं. आमचं गावाकडचं घरही असंच होतं, त्यामुळे मला प्रत्येक ढिगाऱ्यात आमची बैठक दिसायची.

आमच्या ट्रकमध्ये फक्त कपडे होते. रस्त्याकडेला आधीच कपड्यांचे ढीग पडलेले, पावसात भिजलेले, कुणी हात लावत नव्हतं. एका बाईने विचारलं, "बाळा, पातेलं हाय का?" नव्हतं. तांदूळ मिळाले होते त्यांना, शिजवायला भांडं नव्हतं. पुढच्या खेपेला मी पातेली, कंदील आणि ताडपत्र्या घेऊन गेलो. ती बाई काही पुन्हा भेटली नाही.

तळ्याकाठी:
काका, कपड्यांचं अजूनही तसंच आहे. दर पुरात आम्ही हात जोडून सांगतो, आधी विचारा, मग गाडी भरा.

विडीघरची:
मी रागाने गेले. २०२०, लॉकडाऊन. आई दिवसाला हजार विड्या वळायची, त्यावर घर. कारखाने बंद म्हणजे पान नाही, तंबाखू नाही, मजुरी नाही. आमच्या गल्लीत धान्याची पिशवी वाटायला लोक आले. पीठ, तांदूळ, तूरडाळ, तेल. पिशवी देताना प्रत्येक बाईला मान वर करायला लावून फोटो काढला. आईने पदर तोंडावर घेतला तर "अहो बाई, चेहरा दिसू द्या की." आईने त्या दिवशी भात केला नाही.

दुसऱ्या एका गटाचा नंबर मिळवला आणि फोनवर पहिलं वाक्य तेच बोलले, मी येते, पण फोटो निघणार नाही. ते म्हणाले, आम्ही काढतच नाही, तुम्हाला तेलुगू येतं का? माझ्या घरची भाषाच ती. तिथून काम सुरू झालं. यादी शिधापत्रिकेवरून केली होती, आणि शिधापत्रिका नसलेली एकटी म्हातारी माणसं तिच्यात कुठून येणार? एका खोलीत एक अव्वा, म्हणजे आजी होत्या. मराठीत विचारलं की "सगळं आहे, सगळं आहे" एवढंच म्हणायच्या. तेलुगूत विचारलं तेव्हा कळलं, दोन दिवस चहावर होत्या. पुन्हा का जाते? कारण मी नसले तर तिथे "सगळं आहे" असंच लिहिलं जाईल.

ओ निगेटिव्ह:
थोडक्यात लिहितो. बहिणीच्या बाळंतपणात रात्री दोनला चार अनोळखी माणसांनी रक्त दिलं. त्यातल्या कुणाचाही चेहरा मला आठवत नाही, आणि ते मनातून जात नाही. दर तीन महिन्यांनी देतो. एप्रिल-मे सर्वांत कठीण. कॉलेजं बंद, शिबिरं कमी, वर आपलं ऊन. लाल पेशी पाच-सहा आठवडे टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस. त्या साठवून ठेवता येत नाहीत, त्या दिवशी माणूसच उभा राहावा लागतो. माझ्याकडे एकशेदहा जणांची वही आहे. फोन उचलणारे चाळीस.

शेंगाचटणी:
माझं कारण ऐकून कुणाला बरं वाटेल की नाही माहीत नाही. हे गेले आणि घर खायला उठलं. मुलगा पुण्याला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला तेव्हा शेजारीण दारात आली, "एकटीच काय करलालाव, चला की, भाकऱ्या थापायच्यात." वीस-पंचवीस बायका. ज्वारीची पातळ भाकरी थापायची, भाजायची आणि निखाऱ्यावर कडक करायची. ओलावा राहिला नाही तर महिनाभर टिकते, भिजलेल्या घरात चूल पेटत नाही तेव्हा हीच कामाला येते. सोबत शेंगाची चटणी, तीही खराब होत नाही. त्या दिवशी कित्येक महिन्यांनी मी मोठ्याने बोलले. पूरग्रस्तांसाठी गेले असं मी म्हणू शकत नाही. माझ्यासाठीच गेले. अजूनही जाते.

स्पष्ट:
ताई, राग मानू नका, पण मग याला सेवा कसं म्हणायचं? स्वतःच्या मनासाठी केलं तर ते स्वतःचंच काम झालं.

तळ्याकाठी:
दादा, हे मला पटत नाही. रेडक्रॉस ज्याच्यामुळे उभी राहिली तो आंरी द्युनां १८५९ च्या जूनमध्ये सोल्फेरिनोजवळ पोचला तो स्वतःच्या धंद्याच्या कामासाठी. अल्जीरियातल्या जमिनीचं आणि पाण्याचं अडलेलं काम घेऊन फ्रान्सच्या सम्राटाला गाठायचं होतं. २४ जूनची लढाई मध्ये आली. शेजारच्या कास्तिल्योने गावात जखमी आणून टाकलेले, आणि गावातल्या बायका हा कुठल्या बाजूचा हे न विचारता पाणी पाजत होत्या. तो त्यांच्यात राहिला. १८६३ मध्ये जिनिव्हात समिती झाली ती त्यातून. चळवळीच्या सात तत्त्वांमध्ये स्वयंसेवा आहे, तिथे लाभाची इच्छा नको असं म्हटलंय. ताईंना काय लाभ झाला? बोलायला माणसं मिळाली. हा लाभ मोजून कुणाच्या ताटातली भाकरी कमी झाली?

जुनी गिरणी:
ताई, मी बघायला गेलो होतो. तुम्ही निदान थापायला गेलात.

सीनाकाठ:
मी घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो. सप्टेंबर २०२५ ला सीना नदीचं पाणी आमच्या वस्तीत आलं. उभं पीक गेलं, जमीन खरडून गेली, जिथे काळी माती होती तिथे दगड उघडे पडले. त्या आठवड्यात पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटं एवढी आली की ठेवायला जागा नाही. गाई मात्र उपाशी. कडबा सगळा वाहून गेला होता. माणसांना मागायला तोंड होतं, पण वैरण कोणाकडे मागायची? तिसऱ्या दिवशी एक पोरगा आला, त्याने पिशवी खाली ठेवायच्या आधी गोठ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मामा, जनावरं किती?" दुसऱ्या सकाळी उसाचं वाडं घेऊन टेंपो आला. आता वरच्या गावात काही झालं तर मी आधी गोठा मोजायला जातो.

हायवेवाला:
प्रमाणपत्रासाठी गेलो होतो, नोकरीच्या अर्जाला जोडायला. दोन दिवसांचं प्रथमोपचार प्रशिक्षण. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जखमेवर दाब द्यायचा आणि सारखं उचलून बघायचं नाही. छातीवर दाब मिनिटाला १०० ते १२०. चार महिन्यांनी पुणे रोडवर दुचाकीचा अपघात झाला. वीस माणसं गोल करून उभी होती. आधी मीही असाच उभा राहायचो, पण हाताला काम माहीत झाल्यावर राहवलं नाही. मांडीवर दाब धरून अॅम्ब्युलन्स येईपर्यंत बसलो. पोलीस मागे लागतील म्हणून लोक घाबरतात, त्यांच्यासाठी सांगतो, २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलंय. मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव सांगायची सक्ती नाही. हे प्रत्येक गॅरेजवर आणि धाब्यावर लावायला हवं. आता मी तेच प्रशिक्षण देतो.

थांबलो:
मी आता जात नाही. कोविडमध्ये अंत्यविधीच्या गटात होतो. घरचे लांब उभे राहायचे आणि आम्ही चौघे. एका दिवशी एका मुलाने लांबून विचारलं, "बाबांचा चष्मा काढला का?" त्यानंतर झोप गेली. गटात कुणाशी बोललो नाही, कारण बाकीचे तिघे रोज येत होते. पहिल्यांदा का गेलो तर दुसरं कुणी तयार नव्हतं. पुन्हा का गेलो नाही ते वर लिहिलंय.

तळ्याकाठी:
भाऊ, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तेव्हा तुमच्याशी कुणीतरी बोलायला हवं होतं, ते आमच्यासारख्या जुन्यांचं काम होतं. आमच्याकडे आता अशा कामानंतर चार दिवस सक्तीची सुट्टी असते आणि रोज संध्याकाळी एकत्र बसतो. यायला सांगत नाही. चहाला मात्र या.

शेंगाचटणी:
आमच्याकडे या चहाला. मंगळवारी सगळ्या असतो.

सीनाकाठ:
त्या उसाच्या वाड्याच्या टेंपोचं भाडं कुणी घेतलं नव्हतं, हे सांगायचं राहिलं. चालकाचा नंबर आहे का कुणाकडे? यंदा ज्वारी झाली तर दोन पोती द्यायची आहेत.

अक्कलकोट रोड:
मामा, टेंपो माझाच होता. ज्वारी राहू द्या, हुरड्याला बोलवा. आणि तळ्याकाठी काका, गाडी एमआयडीसीत उभी असते, संध्याकाळी सहानंतर रिकामी. नंबर खाजगीत पाठवतो, वहीत लिहून ठेवा.