पीएलसी मेंटेनन्समधून डीसीएसकडे कसं वळावं? मदत हवी आहे

जळगाव एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन बघतो. बी.ई. करून पाचेक वर्षं झाली. रोजचं काम म्हणजे एक्स्ट्रूडरचे (प्लास्टिक वितळवून पाइप काढणारं मशीन) टेम्परेचर झोन, पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर), मोटरचे ड्राइव्ह आणि उडालेले थर्मोकपल (तापमानाचे सेन्सर). तापमानाचे कंट्रोल लूप (मोजमाप बघून आपोआप दुरुस्ती करणारी साखळी) संथ असतात, ऑटोट्यूनवर (कंट्रोलर स्वतःच सेटिंग शोधतो) निभावून जातं, त्यामुळे डोकं लावायची वेळच येत नाही. मला डीसीएसवरच्या (अख्खा प्लांट एकत्र चालवणारी कंट्रोल सिस्टीम) प्रोसेस कंट्रोलमध्ये जायचंय, म्हणजे कंट्रोलच्या अवघड पद्धती: कॅस्केड, फीडफॉरवर्ड, बॉयलर ड्रमचं थ्री-एलिमेंट कंट्रोल वगैरे.

घरी पायथनमध्ये टाकीच्या लेव्हलचं मॉडेल करून झिगलर-निकोल्स आणि लॅम्डा ट्यूनिंग या कंट्रोलरची सेटिंग ठरवायच्या दोन पद्धती ताडून पाहिल्या. झिगलर-निकोल्सने लूप फारच डोलतो, लॅम्डा शांत. हे मुलाखतीत सांगायची संधीच मिळत नाही. अंकलेश्वर-दहेजच्या केमिकल कंपन्यांत पहिलाच प्रश्न येतो, "डीसीएस हाताळलंय का?", आणि गाडी तिथेच अडते. क्लासवाले बहुतेक पीएलसी-स्काडाच (स्काडा म्हणजे संगणकावरून देखरेख) पुन्हा शिकवतात.

नोकरी सोडून पूर्णवेळ कोर्स जमणार नाही. एम.टेक. कृपया सुचवू नका. घरी केळीची बाग आहे, म्हणून खान्देशात किंवा फार तर सुरत लाइनवर. पगार थोडा कमी चालेल.

समोर दोन वाटा दिसतात: भुसावळजवळच्या दीपनगरसारख्या औष्णिक वीज केंद्रात ठेकेदाराकडून मेंटेनन्स, किंवा सिस्टीम इंटिग्रेटरकडे (कंट्रोल सिस्टीम बसवून देणारी कंपनी) कमिशनिंग (बसवलेली सिस्टीम तपासून सुरू करून देणं), म्हणजे सतत भटकंती. जे स्वतः केमिकल प्लांटमध्ये माणसं घेतात त्यांनी सांगावं, ठेकेदाराकडचा अनुभव तुम्ही डीसीएसचा अनुभव म्हणून धरता का, की कमिशनिंगच करावं लागेल?