अंदाजपंचे दाहोदरसे: यंदाच्या टूरमध्ये कुठली गाणी वाजणार?

तिसरी घंटा (धागाकर्ता)

चाळीस-पन्नास वर्षं वाजवत असलेल्या बँडची टूर जाहीर झाली, की आमच्या कंपूत एक उद्योग सुरू होतो. प्रत्येकाने पंधरा गाण्यांची यादी करायची आणि पहिल्या कार्यक्रमाच्या आदल्या रात्री पाकीट बंद. बरोबर गाण्याला एक गुण, ओपनर (कार्यक्रमाचं पहिलं गाणं) अचूक आला तर तीन, आणि जे गाणं फक्त तुमच्याच यादीत होतं आणि वाजलं, त्याला पाच. बक्षीस काही नाही. हरलेल्याला पुढच्या टूरपर्यंत टोमणे.

माझी जखम सांगतो. आयर्न मेडन या ब्रिटिश मेटल बँडचं 'अलेक्झांडर द ग्रेट' हे १९८६ च्या 'समव्हेअर इन टाइम'वरचं शेवटचं गाणं. साडेआठ मिनिटांचं, आणि बँडने ते स्टेजवर कधीच वाजवलं नव्हतं. दर टूरला मी ते यादीत टाकायचो, कंपू दर वेळी हसायचा. २०२३ ची 'फ्यूचर पास्ट' टूर तर याच अल्बमवर आणि २०२१ च्या 'सेन्जुत्सू'वर बेतलेली होती. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. आणि नेमका तेव्हाच माझा धीर सुटला. इतकी वर्षं हसं झालंय, आता शहाण्यासारखं वागू, म्हणून ते खोडून तिथे 'हॅलोड बी दाय नेम' लिहिलं.

२८ मे २०२३, ल्युब्लियाना, स्लोव्हेनिया. मी घरी मोबाइल घेऊन बसलेलो, तिथला कोणीतरी भला माणूस एकेक गाणं टाकतोय. 'हेवन कॅन वेट' झालं. मग बराच वेळ काहीच येईना. मग एकच शब्द आला: 'अलेक्झांडर'. सदतीस वर्षांनी! कंपूत पाचपैकी चौघांच्या यादीत ते होतं. 'हॅलोड' वाजलंच नाही. 'रन टू द हिल्स' नाही, 'नंबर ऑफ द बीस्ट' नाही, 'एसेस हाय' नाही. पंधरापैकी माझी सहा बरोबर.

तुमचे किस्से येऊ द्या. अंदाज खरा ठरलेला असो की सपशेल आपटलेला. आपटलेल्यांना प्राधान्य.

रेलिंगवाला

मी १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत होतो. मेडनच्या 'समव्हेअर बॅक इन टाइम' टूरचा तो जगातला पहिला कार्यक्रम. पहिली रात्र म्हणजे काय ते नंतरच्या तारखांना जाणाऱ्यांना कळणार नाही. आधी कुठेच वाजलेलं नाही, म्हणजे पेपरात डोकवायला शेजारी कोणी नाही. हाती एवढंच की टूर ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांची आहे, आणि गायक स्वतः बोइंग ७५७ चालवत बँड आणि सामान घेऊन आलाय.

माझा ठाम सिद्धांत होता की ओपनर 'मूनचाइल्ड'. कारण १९८८ ची टूर त्यानेच सुरू व्हायची. रांगेत मी हे अनोळखी लोकांनाही समजावून सांगत होतो. त्यातला एकजण शांतपणे म्हणाला, "स्टेज इजिप्शियन आहे म्हणतात, तर चर्चिल येणार." मी त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

अंधार झाला आणि स्पीकरमधून चर्चिलचं भाषण. 'एसेस हाय'! (ते इजिप्शियन कव्हरच्या 'पॉवरस्लेव्ह'वरचं गाणं, आणि स्टेजवर त्याआधी चर्चिलच्या युद्धकाळातल्या भाषणाची टेप लागते.) पहिल्या दोन ओळी मला ऐकूच आल्या नाहीत, मी त्या माणसाला शोधत होतो.

पण खरी मजा पुढे. बँड आत गेला, सगळे ओरडतायत, आणि एन्कोरला (परत येऊन वाजवतात तेव्हा) अंधारातून ती अकूस्टिक गिटार सुरू झाली. 'मूनचाइल्ड'! मी "सांगितलं होतं! सांगितलं होतं!" करून बोंबललो. कोणाला सांगितलं होतं ते तोवर गर्दीत कुठेच नव्हते.

ता. क. कार्यक्रमाआधी स्पीकरवर यूएफओ या बँडचं 'डॉक्टर डॉक्टर' लावतात, ते लागलं की समजायचं आता आलेच. ते माझ्या यादीत होतं. त्याचा एक गुण मिळावा ही विनंती.

गप्प बसा मंडळ

तुम्हा लोकांमुळे आमचं जिणं हराम झालंय. मला काहीही कळायला नको असतं. पहिल्या तारखेपासून माझ्या तारखेपर्यंत तीन आठवडे मी सगळे ग्रुप म्यूट करतो, व्हिडिओ बघत नाही, टूरचा टीशर्ट घातलेला माणूस दिसला तरी रस्ता बदलतो. एकदा इतकं सगळं सांभाळलं आणि आदल्या संध्याकाळी सख्ख्या भावाचा मेसेज: "तुला काही सांगत नाही. फक्त एवढंच, चौथ्या गाण्याला लघवीला जाऊ नकोस."

पहिली तीन गाणी मी ऐकली असतील तर शपथ. नुसता मोजत होतो.

दिवेलागण

मी स्टेजच्या दिव्यांच्या कामात बरीच वर्षं आहे (कुठल्या बँडबरोबर ते विचारू नका), म्हणून यादी कशी ठरते ते थोडं सांगतो. चाहते अंदाज बांधताना एकच प्रश्न विचारतात: कुठलं गाणं भारी? यादी करणारे त्याआधी दुसरे चार प्रश्न विचारतात.

पहिला प्रश्न गळ्याचा. साठी-सत्तरीच्या गायकाला सलग तीन वरच्या पट्टीतली गाणी दिलीत, तर पुढच्या शहरात त्याचा आवाज राहणार नाही. म्हणून मध्ये लांब वाद्यांचं काहीतरी, ड्रम सोलो, नाहीतर प्रेक्षकच गातील असं गाणं. तुम्हाला वाटतं तो माइक तुमच्याकडे प्रेमाने धरतोय. प्रेम असतंच, पण श्वासही घ्यायचा असतो.

दुसरं, गिटार. वेगळ्या ट्यूनिंगच्या गाण्याला वेगळी गिटार लागते. ती बदलायला वेळ लागतो, म्हणून तशी गाणी शेजारीशेजारी ठेवतात किंवा मध्ये गायक चार वाक्यं बोलतो.

तिसरं आमचं खातं. मोठ्या टूरमध्ये दिवे, पडद्यावरची चित्रं, आग, धूर हे सगळं बहुतेक वेळा टाइमकोडवर बांधलेलं असतं. गाण्याच्या अमुक सेकंदाला अमुक दिवा. एका गाण्याचं हे बांधायला रात्री जातात. त्यामुळे 'आज अचानक दुसरं वाजवू' असं कोणी म्हटलं की गिटारवाला हसतो आणि आमच्या पोटात गोळा येतो. एसी/डीसीच्या कार्यक्रमाचा शेवट 'फॉर दोज अबाउट टू रॉक'नेच होतो यात नवल नाही. त्या गाण्यात तोफा उडतात. तोफा आणल्या आहेत, त्या उडवायला नकोत?

चौथं म्हणजे वेळ. रात्री ठरलेल्या मिनिटाला आवाज बंद म्हणजे बंद, उशिरा सुरू झालं तर मधलं एखादं गाणं गळतं. म्हणून छापलेल्या यादीत एखाद्या गाण्यापुढे प्रश्नचिन्ह असतं. तो कागद मी रोज बघायचो. काळ्या टेपने जमिनीला चिकटवलेला, मॉनिटरच्या (बँडकडे तोंड केलेल्या स्पीकरच्या) पायाशी, गाण्यांची नावं अर्धीमुर्धी. आणि दर टूरला अक्षरं मोठी होत जायची. शेवटच्या टूरला एका पानावर मावेना, तर दोन पानं जोडली. कोणी बोललं नाही, पण जवळचा चष्मा स्टेजवर कोण लावणार?

तेव्हा अंदाज बांधताना मनातली यादी बाजूला ठेवा. स्टेजचे फोटो बघा, सोबत कुठली वाद्यं आहेत ते बघा, गायक आता कुठल्या पट्टीत गातोय ते ऐका.

उपाशी गिटार

दिवेलागण, कमाल माहिती. पण मग ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडचं काय? रोज रात्री वेगळी यादी, पुढचं गाणं बरेचदा वाजवता वाजवता ठरायचं. त्यांचे चाहते वह्या ठेवायचे, कुठलं गाणं किती कार्यक्रमांपूर्वी वाजलं होतं ते. 'डार्क स्टार' १९८४ नंतर गायबच होतं. ऑक्टोबर १९८९ मध्ये हॅम्प्टनला बँड 'फॉर्मर्ली द वॉरलॉक्स' ('पूर्वीचे वॉरलॉक्स', हे त्यांचं जुनं नाव) अशा नावाने वाजला आणि दुसऱ्या रात्री, ९ तारखेला, 'डार्क स्टार' सुरू केलं. त्या रेकॉर्डिंगमध्ये पहिल्या दोन-तीन सुरांनंतर लोकांचा जो आवाज येतो, तो मी गाण्यापेक्षा जास्त वेळा ऐकलाय.

दिवेलागण

त्यांच्या दिवेवाल्यांना माझा साष्टांग नमस्कार.

फुटकी काच

आमचा अनुभव पाटीचा. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या कार्यक्रमात लोक फर्माइशीच्या पाट्या घेऊन जायचे. तो खाली येऊन त्या गोळा करायचा, चाळायचा, एखादी उचलून आपल्या ई स्ट्रीट बँडला दाखवायचा आणि बँड वाजवायचा. म्हणजे अंदाज बांधत बसायचं कारण नाही, थेट अर्ज करायचा.

२०१३ चा उन्हाळा, युरोपातलं एक स्टेडियम. मी पुठ्ठ्यावर हातभर अक्षरांत 'जंगललँड' लिहून नेलं. दुपारी पाऊस. पुठ्ठा जर्किनखाली धरला तरी डावीकडची शाई राहिली आणि उजवीकडची पोटावर उतरली. संध्याकाळी पाटीवर फक्त 'जंगल' उरलं. शेजारच्या आजोबांनी विचारलंसुद्धा, "हे कुठल्या अल्बममधलं?"

तो आमच्या समोर आला. माझ्या पाटीकडे बघितलं. डोळे बारीक करून परत बघितलं. हसला, आणि शेजारच्या मुलीची घेतली. तिने जे मागितलं होतं ते माझ्या यादीत सोडाच, मला त्यातला अंतराही येत नव्हता. पण बँडने एकमेकांकडे बघत, चाचपडत ते ज्या मजेत वाजवलं, तसं त्या रात्री दुसरं काही वाजलं नाही.

२०२३ मध्ये परत गेलो तेव्हा यादी बरीचशी ठरलेली होती. पुठ्ठ्याचं काम उरलं नव्हतं. कार्यक्रम उत्तम झाला, तक्रार नाही. (आहे.)

एकाआड एक

मेटालिकाने तर सरळ गणिताचा पेपरच काढला. २०२३ पासूनच्या 'एम ७२' टूरमध्ये बऱ्याच शहरांत दोन रात्री, आणि एका रात्रीचं एकही गाणं दुसऱ्या रात्री नाही. माझ्याकडे एकाच रात्रीचं तिकीट. 'मास्टर ऑफ पपेट्स' की 'एंटर सँडमन'? आधीच्या शहरांच्या याद्या बघून पहिली रात्र निवडली आणि 'पपेट्स' पदरात पडलं. बायकोला 'सँडमन' हवं होतं. ती अजून 'तुझी निवड' एवढेच दोन शब्द म्हणते.

आणि मतदानाने यादी ठरवलेली त्यांची २०१४ ची टूर आठवा. चाहत्यांनीच मतं दिली, तर वर आली बरीचशी नेहमीचीच गाणी. मग वर्षभर 'तेच तेच वाजवतात' म्हणून रडणारे कोण होते? 'फ्रेड एंड्स ऑफ सॅनिटी' पहिल्यांदा पूर्ण वाजलं ते त्याच टूरमध्ये, हेलसिंकीत, हे मात्र मान्य.

शेंडेफळ

माझा किस्सा नाही, बाबांचा आहे.

बाबा डीप पर्पल या बँडचे भक्त. त्यांची यादी वहीच्या पानावर, आकडे घालून, समास आखून. पहिलं 'हायवे स्टार'. शेवटाकडे 'स्मोक ऑन द वॉटर', मग 'हश', मग 'ब्लॅक नाइट'. यात त्यांचे फारसे गुण जात नाहीत. पण यादीत सगळ्यात खाली, आकडा न घालता, 'चाइल्ड इन टाइम'. १९७० चं गाणं. त्यातल्या किंकाळ्या गायक इयन गिलनला वयामुळे झेपेनात म्हणून २००२ नंतर बँडने ते वाजवणं बंद केलं, हे बाबांनीच मला सांगितलंय. मी म्हटलं, मग लिहिता कशाला? तर म्हणाले, "तुला काय त्रास होतोय?"

एकदा त्यांना घेऊन गेले. डॉन एरीचा कीबोर्ड सोलो सुरू झाला. तो सोलोत काहीही आणतो, जुनी सिंफनी, मध्येच कुठलीतरी लोकधून. बाबा खुर्चीच्या कडेला. जरा कुठे ऑर्गन संथ झाला की त्यांचा हात माझ्या मनगटावर यायचा. चाल दुसरीकडे वळली की सुटायचा. असं तीनदा झालं. मला हसू येत होतं आणि दर वेळी मीही श्वास धरत होते.

नाहीच वाजलं, अर्थात. एन्कोरला गिलन एका वरच्या सुरावर जरा अडखळला, मग प्रेक्षकांनी तो सूर उचलला. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "दमलाय तो. बस कर म्हणावं आता." आणि पुढच्याच मिनिटाला उभे राहून 'ब्लॅक नाइट'चा रिफ (गिटारची ती ठरलेली धून) तोंडाने वाजवायला लागले, कारण तो लोकांनीच वाजवायचा असतो असं त्यांचं मत आहे.

घरी आल्यावर गुण मोजले. त्या शेवटच्या गाण्यापुढे फुली मारली नाही. रेघ मारली.

गप्प बसा मंडळ

शेंडेफळ, हे वाचून मी माझी मतं दोन मिनिटं बदलली होती. आता पूर्ववत.

जुना बाजा

एक वेगळा सूर लावतो. २००६ मध्ये मेडनने नवाकोरा अल्बम अथपासून इतिपर्यंत वाजवला. दहा गाणी, सत्तर मिनिटांच्या वर, मग उरलेल्या वेळात जुनी मोजून पाच. लोक ओरडत होते, जुनं वाजवा. मीही वैतागलो होतो. आज ती रेकॉर्डिंग ऐकताना वाटतं, जुन्या बँडकडून आपण अंदाज करतो तो आपल्याच तरुणपणाचा, आणि ते बिचारे आजचं काहीतरी वाजवू पाहतात. पण २०२५ ची टूर फक्त पहिल्या नऊ अल्बमांवर आहे म्हटल्यावर पहिल्यांदा नाचलं कोण? मीच. 'मर्डर्स इन द रू मॉर्ग' ओपनर येईल असं मात्र स्वप्नातही नव्हतं.

तिसरी घंटा (धागाकर्ता)

जुना बाजा, 'रू मॉर्ग' आमच्या कंपूत एकीने ओपनर म्हणून धरलं होतं. तीन आणि पाच, आठ गुण. तेव्हापासून ती आम्हाला कागदावरून चष्मा खाली करून बघते.

दिवेलागण यांचे चार प्रश्न छापून पाकिटावर चिकटवतोय. शेंडेफळ, बाबांना सांगा, आमच्या नियमांत दुरुस्ती केली आहे: आकडा न घातलेलं गाणं वाजलं नाही तरी चुकीत मोजलं जाणार नाही.

रेलिंगवाला, 'डॉक्टर डॉक्टर'चा गुण मिळणार नाही. ते टेपवर लागतं, बँड वाजवत नाही.

रेलिंगवाला

चर्चिल तरी कुठे स्वतः आला होता?