घरचा संगणक दिवसातून दोन-तीनदा बंद पडतो. तिसऱ्यांदा फॉरमॅट करावे का?

डाळमिलवाली (तालुका दर्यापूर, जिल्हा अमरावती)

नमस्कार. आमच्या घरी चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा, सेकंडहँड घेतलेला डेस्कटॉप आहे. विंडोज १०, मुळात ४ जीबी रॅम आणि सोबत ६०० व्हीएचा यूपीएस, एवढेच सामान आहे. जुन्या कोठ्यात आम्ही घरगुती डाळमिल चालवतो. कोणाची किती तूर आली, डाळ किती निघाली, चुनी किती निघाली, कोणाकडे किती बाकी आहे, हा सगळा हिशेब मी याच संगणकावर ठेवते आणि संध्याकाळी मुलगी त्यावर अभ्यास करते.

फेब्रुवारीच्या अखेरीपासून संगणक अचानक बंद पडू लागला. कोणतीही सूचना येत नाही. पडदा काळा होतो आणि दिवा लावल्यासारखा तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. तालुक्याच्या दुकानात नेला तेव्हा तेथील दुरुस्ती करणाऱ्यांनी विंडोज खराब झाल्याचे सांगून फॉरमॅट करून दिला. दुकानात दोन दिवस तो एकदाही बंद पडला नाही, घरी आणल्यावर मात्र दुसऱ्याच दिवशी पडला. मार्चच्या शेवटी त्यांनी ४ जीबीची आणखी एक रॅम टाकली आणि दुसऱ्यांदा फॉरमॅट केले. तरीही तेच चालू आहे, शिवाय आता मधूनच निळा पडदा येतो, ज्यावर कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’ तर कधी ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ असे लिहिलेले असते. आता ते मदरबोर्ड गेल्याचे सांगतात. प्रत्येक वेळी हिशेबाची वही पुन्हा उघडून नोंदी चढवाव्या लागतात, म्हणून पैसे घालण्याआधी येथे विचारते. यूपीएस चालू आहे, त्यातून टक्‌टक् आवाज येतो आणि हिरवा दिवाही लागतो, त्यामुळे विजेचा प्रश्न नसावा असे मला वाटते.

लॅब सांभाळणारा (वर्धा)

ताई, तिसऱ्यांदा फॉरमॅट करू नका. फॉरमॅटने बिघाड जाणे सोडाच, बिघाडाचा पुरावा मात्र दर वेळी पुसला जातो. विंडोज प्रत्येक अचानक बंद पडण्याची नोंद स्वतःजवळ ठेवते आणि तुमच्या दोन्ही फॉरमॅटमध्ये त्या नोंदी गेल्या. मार्चअखेरीनंतरच्या नोंदी मात्र अजून शाबूत असतील.

स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडावा, त्यात ‘विंडोज लॉग्ज’ आणि त्याखाली ‘सिस्टिम’ निवडावे. तेथे ‘कर्नल-पॉवर’ या नावाच्या, ४१ क्रमांकाच्या नोंदी दिसतील. हा ४१ पाहून पुष्कळ जण एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा आतला डबा) खराब असल्याचा निष्कर्ष काढतात, तो बरोबर नाही. ४१ चा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद न होता गेला. का गेला, ते तो आकडा सांगत नाही. त्याच नोंदीच्या ‘डिटेल्स’ या भागात ‘बगचेक कोड’ असतो आणि खरी माहिती तेथे मिळते. तो ० असेल, तर विंडोजला काही लिहिण्याइतकाही वेळ मिळाला नाही, म्हणजे बहुधा वीजच तुटली किंवा यंत्र जागच्या जागी गोठले. तो २६ किंवा १० असेल, तर ते तुम्ही लिहिलेले दोन निळे पडदे आहेत: ‘मेमरी मॅनेजमेंट’ म्हणजे २६ आणि ‘आयआरक्यूएल’ म्हणजे १०.

निळा पडदा वाचायला वेळ मिळावा म्हणून ‘सिस्टिम प्रॉपर्टीज’मधील ‘ॲडव्हान्स्ड’, त्यात ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ येथे जाऊन ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’समोरची खूण काढून टाका. मग निळा पडदा आला तर तो तसाच थांबेल, आणि तरीही संगणक आपोआप पुन्हा सुरू झाला तर ते कारण निळ्या पडद्याचे नव्हे, एवढे तरी नक्की होईल.

आता एक प्रश्न, ज्याचे उत्तर कदाचित तुमच्या फोनमधील फोटोंतच असेल: निळा पडदा पहिल्यांदा दिसला तो नवी रॅम टाकण्यापूर्वी की नंतर? आणि एक विनंती. आठवडाभर संगणकाजवळ वही ठेवा. बंद पडल्याची वेळ आणि त्या क्षणी मिल, कूलर, पाण्याची मोटर यांपैकी काय चालू होते, ते लिहा.

निवृत्त वायरमन (अकोला जिल्हा)

तुमच्या प्रश्नातील दोन वाक्यांवर माझी नजर थांबली. दुकानात दोन दिवस संगणक बंद पडला नाही आणि यूपीएस टक्‌टक् करतो. दुकानात तुम्ही फक्त संगणकाचा डबा नेला असेल. यूपीएस, तुमची वायरिंग आणि तुमची मिल घरीच राहिली. जो बिघाड यंत्राबरोबर दुकानात गेला नाही, तो यंत्रात असण्याची शक्यता कमीच. शिवाय फेब्रुवारीची अखेर म्हणजे आपल्याकडे नव्या तुरीची डाळ करायला सुरुवात होण्याचे दिवस.

मिलची सिंगल फेज मोटर सुरू होताना, क्षणभर का होईना, नेहमीच्या पाच-सहापट विद्युतप्रवाह ओढते. तुमचे घर डीपीपासून (गावाच्या ट्रान्सफॉर्मरपासून) दूर, शेवटच्या खांबांवर असेल, तर तेवढ्या क्षणात व्होल्टेज कोसळते. यूपीएसचा ‘टक्’ हा आवाज आतील रिले, म्हणजे आपोआप पालटणारा स्विच, बदलल्याचा असतो. वीज खाली गेल्याचे ओळखून तो बॅटरीवर जाऊ पाहतो. बॅटरी चांगली असेल तर संगणकाला काही कळतही नाही. ती मेलेली असेल, तर यूपीएस बॅटरीवर जातो खरा, पण तेथे काहीच नसते. एसएमपीएस स्वतःच्या पोटातील साठ्यावर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचे असते, तेव्हा किती पटकन खेळ संपतो, ते लक्षात येईल. हिरवा दिवा एवढेच सांगतो की भिंतीतून वीज येत आहे. बॅटरीच्या तब्येतीबद्दल तो मुका आहे.

ही लेड-ॲसिड बॅटरी साधारण २५ अंश तापमान धरून बनवलेली असते आणि त्यावर दर दहा अंशांना तिचे आयुष्य निम्मे होते, हा आमच्या धंद्यातील ढोबळ हिशेब आहे. टिनाच्या छपराखाली एप्रिल-मे महिन्यांत तिचे काय होत असेल, ते सांगायला नको. परीक्षा सोपी आहे. संगणक रीतसर बंद करून यूपीएसवरून काढा, त्याच्या जागी ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा आणि यूपीएसची पिन भिंतीतून ओढा. बल्ब काही मिनिटे जळत राहिला तर बॅटरी ठीक आहे. लगेच विझला तर बॅटरी गेली. ही परीक्षा संगणक लावून करू नका.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. डब्याच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर घराला अर्थिंग नाही किंवा ते नावापुरतेच आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रल या दोहोंपासून पत्र्याला जोडलेले बारीक कपॅसिटर असतात, आणि अर्थिंग तुटले की पत्रा मधल्याच व्होल्टेजवर तरंगतो. एवढ्याने संगणक बंद पडेलच असे मी म्हणणार नाही, पण माणसाच्या जिवासाठी ते दुरुस्त करावेच लागते. तुम्ही खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागात आहात. तेथे जमिनीतील क्षार अर्थिंगचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप खातो आणि उन्हाळ्यात काळी माती भेगाळली की उरलेल्या पाइपची मातीशी असलेली पकडही सुटते. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील व्होल्टेज मोजून घ्या. मिल चालू असताना ते दोन-तीन व्होल्टच्या वर जात असेल, तर मीटरजवळचा न्यूट्रलचा जोड आणि अर्थिंगचा खड्डा, दोन्ही उघडून पाहावे.

जुना शौकीन (यवतमाळ)

वायरमन काकांचे म्हणणे मला पटते, पण निळे पडदे त्यांच्या हिशेबात बसत नाहीत. वीज तुटली तर विंडोजला निळा पडदा काढायला फुरसतच मिळत नाही. दोन वेगवेगळे संदेश आलटून पालटून येत असतील, तर एखाद्या ड्रायव्हरपेक्षा (सुटा भाग चालवणाऱ्या प्रोग्रॅमपेक्षा) रॅमवर संशय घ्यावा. ताई, दोन्ही रॅम एकत्र तपासू नका. वीज पूर्ण काढून, डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरवा, मग एक पट्टी काढा, तिचे सोनेरी दात स्वच्छ खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि एकच पट्टी लावून ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ चालवा. नंतर दुसरी. त्यात दोष आढळला नाही तरी रॅम निर्दोष ठरत नाही. मेमटेस्ट८६ अधिक कसून तपासते, मात्र त्याला काही तास लागतात आणि तेवढा वेळ वीज टिकली पाहिजे.

डबा उघडाल तेव्हा प्रोसेसरवरील पंखा काढून त्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांकडे पाहा. तुरीच्या टरफलाचा बारीक भुसा तेथे गोधडीसारखा बसलेला असणार. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोहोचला की आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही तापत राहिला तर थेट बंद होतो. तसे होत असेल, तर बंद पडण्याआधी काही मिनिटे सगळे काम रेंगाळते आणि दुपारी हे जास्त घडते. मऊ ब्रशने झाडताना पंखा बोटाने धरून ठेवा. एकदा काढल्यावर प्रोसेसरची उष्णता पात्यांकडे नेणारी जुनी सुकलेली पेस्ट पुसून नवी लावल्याशिवाय तो परत बसवू नका. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. वीज काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये धक्का देण्याइतका साठा राहतो.

कूलर कोठे ठेवला आहे? पुष्कळ घरांत संगणक तापतो म्हणून कूलरचे तोंड त्याच्याकडे वळवतात. खारपाणपट्ट्यातील बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या कूलरची ओली हवा इलेक्ट्रॉनिक्ससाठी उन्हापेक्षा वाईट असते. डब्याच्या मागच्या स्क्रूंवर पांढरी भुकटी किंवा गंज दिसतो का, ते पाहा.

डाळमिलवाली

सर्वांचे आभार. आज बारा दिवसांची वही समोर घेऊन लिहिते.

पहिल्या आठ दिवसांत संगणक १४ वेळा बंद पडला. त्यांपैकी १० वेळा बगचेक कोड ० होता, आणि वहीतल्या वेळा पाहता त्या दहांपैकी नऊ वेळा कोठ्यात मिल नुकतीच सुरू केलेली होती. हे माझ्या कधीच लक्षात आले नव्हते, कारण मिल सासरे सुरू करतात आणि मी आतल्या खोलीत असते. बल्बची परीक्षा त्यांच्यासमोरच केली. पिन ओढताच बल्ब विझला, एक क्षणही टिकला नाही. गावच्या वायरमनने मीटर लावले, तेव्हा एरवी २०५ असणारे व्होल्टेज मिल सुरू होताना १५० च्या खाली जाऊन परत येताना दिसले. पत्र्याला झिणझिण्या येत होत्याच. अर्थिंगचा पाइप उकरला तर वरचा भाग हाताने मोडला.

उरलेल्या चार वेळा निळा पडदा होता. मुलीच्या फोनमधील सर्वांत जुना फोटो ३ एप्रिलचा निघाला, म्हणजे रॅम टाकल्यानंतरचा. एकेक पट्टी लावून पाहिली. जुनी पट्टी तपासणीतून सहीसलामत बाहेर आली. नवीवर पहिल्याच फेरीत दोष दाखवला. ती काढून ठेवली त्याला पाच दिवस झाले आणि त्यानंतर निळा पडदा आलेला नाही. दुकानदारांनी पट्टी बदलून देण्याचे कबूल केले आहे, मदरबोर्डचा विषय मात्र दोघांनीही काढला नाही.

भुसा खरोखर गोधडीइतका होता. घरात पेस्ट नसल्यामुळे पंखा न काढता वरूनच झाडला. कूलर संगणकापासून तीन फुटांवर होता आणि त्याच्या बाजूचे स्क्रू पांढरे पडले होते. तो खिडकीत हलवला, त्यावर मुलगी नाराज आहे.

यूपीएसला १२ व्होल्ट, ७ एएचची नवी बॅटरी टाकली. मिल चालू करताना आता ‘टक्’ होते आणि मी लिहीत राहते. फक्त वहीतली एक नोंद कोठेच बसत नाही: दुपारी दोन वाजून दहा मिनिटे, कोड ०, मिल बंद, पाण्याची मोटर बंद, फक्त कूलर चालू. ही नोंद बॅटरी बदलण्याच्या आधीची आहे. तिची काळजी करावी का?

लॅब सांभाळणारा (वर्धा)

एका नोंदीवरून काही ठरवता येणार नाही. तुमच्या डीपीवर इतरांच्याही मोटरी असतात. दुपारची वेळ आहे म्हणून उष्णतेचा संशय राहतो. एचडब्ल्यूमॉनिटरसारखा प्रोग्रॅम चालू ठेवून दुपारी दोनच्या सुमारास प्रोसेसरचे तापमान पाहा. काम करताना ते नव्वदीत जात असेल, तर पेस्ट मागवून पंखा एकदा काढावाच लागेल.

हिशेबाच्या फाइलची एक प्रत दररोज पेनड्राइव्हवर घ्या. एवढ्या वेळा वीज तुटलेल्या हार्ड डिस्कवर मी भरवसा ठेवत नाही. शक्य तेव्हा ‘चेक डिस्क’ चालवून फाइलव्यवस्थेत काही बिघाड झाला आहे का, ते पाहून घ्या.

निवृत्त वायरमन (अकोला जिल्हा)

मिलची वायर मीटरजवळच्या मेन बोर्डापासून स्वतंत्र ओढून घ्या, जाड घ्या, आणि संगणकाची खोली त्या वायरवर ठेवू नका. गावाच्या लाइनमधील पडझड त्याने थांबणार नाही, पण घरातील वायरमध्ये होणारी निम्मी-अर्धी तरी वाचेल. अर्थिंगचा नवा खड्डा मे महिन्यात कोरड्या भेगांत करत असाल तर खोल घ्या, कोळसा-मीठ भरा आणि पावसाळा येईपर्यंत त्यात आठवड्यातून दोनदा पाणी सोडत राहा.

दोन वाजून दहा मिनिटांच्या नोंदीसाठी आधी संगणकाच्या मागची पॉवरची वायर पाहा. कूलरची ओल ज्या स्क्रूंवर बसली, ती त्या पिनांवरही बसली असेल. पिना काळ्या किंवा सैल असतील तर घासत बसू नका, वायर बदला.

डाळमिलवाली

काका, तीनपैकी एक पिन काळी निघाली. वायर आजच बदलली. वही चालू ठेवते.