ओव्हरक्लॉक (वेग ठरल्यापेक्षा वाढवणं) केल्यापासून पीसी चालूच होत नाहीये, पंखे फिरतात पण स्क्रीन काळी

खटपट्या
मंडळी, अडकलोय, मदत पाहिजे. प्रोसेसर रायझन ५ ५६००, डीडीआर४ रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन स्टिक, ३६०० ची एक्सएमपी प्रोफाईल (रॅमच्या कंपनीने ठरवून दिलेला वेग) लावून आजपर्यंत मस्त चालू होतं सगळं. व्हिडिओ बघून बघून हात शिवशिवायला लागले म्हणून काल रात्री बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगचा मेनू) घुसलो, रॅम ३८०० केली, सीएल (रॅम उत्तर द्यायला घेते ते क्लॉक) १८ चं १६ केलं, इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरचे भाग आणि रॅम जोडणारी आतली वाहिनी) १९०० वर नेलं आणि त्याच झटक्यात सीपीयूचे सगळे कोअर १.३ व्होल्टला ४.६ गिगाहर्ट्झवर लॉक केले. एफ१० दाबून सेव्ह केलं आणि तेव्हापासून डिस्प्ले गायब. पंखे फिरतात, ग्राफिक्स कार्डाचे दिवे लागतात, पण नमलॉक दाबलं तर कीबोर्डचा लाईट लागत नाही, थोड्या वेळाने आपोआप बंद होऊन परत सुरू होतो, असं काही वेळा झालं की मग नुसता चालू राहतो काळी स्क्रीन घेऊन. क्लिअर सीमॉसच्या (बायोसच्या सेटिंग पुसायच्या) दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हर टेकवून पाहिला, ढिम्म फरक नाही. बोर्डावर सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट असे चार बारके दिवे आहेत त्यातला डीरॅमचा पिवळा पेटलेलाच राहतो. प्रोसेसर उडाला समजू का? का रॅम गेली?

शॉर्टसर्किट
मॉनिटरची वायर कार्डालाच आहे ना भावा? ५६०० मध्ये ग्राफिक्स नसतं, ते ५६००जी वाल्याला असतं. गडबडीत लोक वायर काढून बोर्डाच्या एचडीएमआयला लावून बघतात आणि मग पीसी बरा झाला तरी स्क्रीन काळीच राहते, उगाच नवीन शोध सुरू.

खटपट्या
नाही हो, वायर कार्डालाच आहे, तिला हातसुद्धा लावला नाही.

जुनाट_बायोस
प्रोसेसर उडाला वगैरे डोक्यातून काढा आधी. नुसता क्लॉक वाढवल्याने चिप जळत नाही, जळते ती व्होल्टेज आणि उष्णतेने, आणि १.३ मध्ये घाबरण्यासारखं काही नाही, हाच प्रोसेसर स्टॉकला (कंपनीच्या मूळ सेटिंगवर) हलक्या कामात बूस्ट करताना स्वतःहून १.४ च्या वर जाऊन येतो. शिवाय तुमचा सीपीयूचा दिवा विझून गाडी डीरॅमवर येऊन थांबतेय, म्हणजे प्रोसेसर जागा झालाय आणि रॅमशी सूत जुळवायचा प्रयत्न करतोय. त्यालाच मेमरी ट्रेनिंग म्हणतात. ते जमत नाही म्हणून बोर्ड स्वतःला बंद करून परत सुरू करतं, ते तुम्हाला दिसलेलं चालू-बंद म्हणजे बिघाड नाही, बोर्डाची धडपड आहे.

आता तुम्ही मागितलंत काय ते बघा. ३६०० सीएल १८ म्हणजे रॅमला उत्तर द्यायला साधारण १० नॅनोसेकंद मिळत होते. ३८०० सीएल १६ केलं की ते ८.४ वर येतात, आणि व्होल्टेज वाढवल्याचं तुम्ही काही लिहिलं नाही म्हणजे एक्सएमपीचं १.३५ च असणार. चांगल्या चिप्सवाल्या स्टिक असतील तर खेचतीलही, पण सीएल १८ म्हणून विकलेल्या स्टिककडून ही अपेक्षा जरा जास्तच. त्यात फॅब्रिक १९००, जे प्रत्येक रायझनला झेपत नाही, १८०० बहुतेकांना जमतं आणि पुढचं आपापलं नशीब. म्हणजे एकाच वेळी तीन जागी गळा आवळलाय, कुठल्याने श्वास अडकला ते बोर्डालाही सांगता येणार नाही.

क्लिअर सीमॉस फुकट गेला त्याचं कारण माझ्या मते वेगळंच आहे. स्क्रू ड्रायव्हर लावला तेव्हा पॉवरची वायर भिंतीच्या सॉकेटमधून काढली होती का? नुसता पीसी बंद असला तरी एसएमपीएस (पॉवर सप्लाय) ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा बोर्डाला देतच असतो, आणि तो असताना बऱ्याच बोर्डांवर जम्पर लावणं, म्हणजे त्या दोन पिना जोडणं, न लावणं सारखंच. आता असं करा, मागचं एसएमपीएसचं बटण बंद, वायर ओढून बाहेर, मग कॅबिनेटचं पॉवर बटण दहापंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे कपॅसिटरमधला उरलासुरला करंट निघून जातो, पंखा कधीकधी इवलासा हलून थांबतो तेव्हा समजायचं. त्यानंतर ती गोल सीआर२०३२ बॅटरी काढा, बऱ्याच बोर्डांवर ती ग्राफिक्स कार्डाच्या खाली लपलेली असते, तर कार्ड आधी काढावं लागेल, स्लॉटच्या टोकाची क्लिप दाबल्याशिवाय ओढू नका. बॅटरी बाहेर असतानाच त्या दोन पिना दहाएक सेकंद टेकवून ठेवा. मग बॅटरी जागेवर आणि रॅमची एकच स्टिक लावा, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये, बोर्डावर ए२ लिहिलेलं असतं. आणि चालू केल्यावर लगेच बटण दाबू नका, पहिल्या वेळी ट्रेनिंगला वेळ लागतो, दोनतीन मिनिटं स्क्रीनकडे बघत गप्प बसा.

पेनड्राईव्हवाला
एवढं कशाला, बायोस नवीन टाक सरळ, सगळं कोरं होतं.

जुनाट_बायोस
अहो डिस्प्लेच नाही तर कुठल्या मेनूतून टाकणार? बोर्डाच्या मागे फ्लॅशबॅकचं बटण असेल तर गोष्ट वेगळी, त्याला सीपीयू-रॅम काही लागत नाही, बोर्डावरची वेगळी छोटी चिप एफएटी३२ पेनड्राईव्हवरून फाईल उचलते. पण बायोसच्या मेनूतून किंवा विंडोजमधून फ्लॅश करायचं असेल तर रॅम डळमळीत असताना अजिबात नको, ती फाईल आधी त्याच रॅममध्ये येते, एखादा बिट इकडचा तिकडे झाला तर मग बोर्ड खरंच जायचं.

शॉर्टसर्किट
सहमत. आणि एक राहिलं, बीसीएलके (बोर्डाचा मूळ क्लॉक) ला हात लावलेलास का? १०० चं १०२ वगैरे? साध्या बोर्डांवर त्याच्यासोबत पीसीआयईचा (कार्ड आणि ड्राईव्ह जोडणारी वाहिनी) क्लॉकपण वाढतो आणि मग एनव्हीएमई ड्राईव्ह रुसते.

खटपट्या
बीसीएलके १०० लाच आहे. आणि मंडळी, डिस्प्ले आला!! पॉवरची वायर खरंच सॉकेटमध्ये लावलेली होती काल, कोणी सांगितलंच नव्हतं. बॅटरी काढली, बटण दाबून धरलं, पंखा हलला पण, एका स्टिकवर डीरॅमचा दिवा बराच वेळ राहिला, मी आशा सोडणार तेवढ्यात विझला आणि लोगो आला. पण आता नवीनच. काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत लिहून आलंय की नवीन सीपीयू बसवलाय किंवा एफटीपीएमचा (प्रोसेसरमधली चाव्या जपणारी तिजोरी) डेटा बिघडलाय, रीसेट करायला वाय दाबा, आहे तसं ठेवायला एन. मी तर सीपीयू बदललाच नाही. वाय दाबू का?

रॅमायण
थांब!! वाय दाबू नकोस. त्याच मेसेजमध्ये खाली बिटलॉकरबद्दल (विंडोजचं ड्राईव्ह कुलूपबंद करायचं फीचर) लिहिलेलं असतं ते नीट वाच. तुझ्या विंडोजची ड्राईव्ह एन्क्रिप्ट असेल, आणि विंडोज ११ मध्ये ती बऱ्याचदा तुला न विचारता झालेली असते, तर वाय दाबल्यावर टीपीएममधली चावी पुसली जाणार आणि मग ४८ अंकी रिकव्हरी की टाकल्याशिवाय विंडोज आत घेणार नाही. एन दाब. तरी निळी स्क्रीन येऊन की मागितली तर लगेच टाकत बसू नकोस, बायोसमध्ये जाऊन बघ एफटीपीएम चालू आहे का. सीमॉस क्लिअर केलं की सगळं फॅक्टरीवर जातं आणि जुन्या बायोसमध्ये फॅक्टरीला ते बंद असतं. ते चालू कर, सिक्युअर बूट आणि सीएसएम (बूट कसं व्हायचं ते ठरवणाऱ्या सेटिंग) आधी होते तसे ठेव, बऱ्याचदा तेवढ्यावर विंडोज गुपचूप उघडतं. नाहीच उघडलं तर फोनवरून तुझ्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला लॉगिन करून की मिळते का बघ. मी तर तिची प्रिंटच काढून ठेवते, लोक हसतात, हसू देत.

खटपट्या
एन दाबलं, की मागितली, बायोसमध्ये एफटीपीएम खरंच बंद होतं, चालू केल्यावर विंडोज आलं. कीची गरज पडली नाही. रॅमायण, जुनाट_बायोस, दोघांना दंडवत. दुसरी स्टिकपण लावली, सध्या २६६६ ला चालू आहे. आता परत ३८०० ला कसं जाऊ?

शॉर्टसर्किट
सुंभ जळला तरी पीळ जात नाही 😂

जुनाट_बायोस
जा, पण या क्रमाने. आज फक्त एक्सएमपी लावा आणि पेनड्राईव्हवरून मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) चे चारही पास रात्रभर चालू द्या, एकही एरर खपवून घ्यायचा नाही, एक एरर म्हणजे नापास. ते झालं की रॅमचे टायमिंग एक्सएमपीचेच ठेवून फक्त फ्रिक्वेन्सी ३७३३ आणि फॅब्रिक १८६६ करून बघा, दोन्ही एकास एक राहिले पाहिजेत (डीडीआरचा खरा क्लॉक लिहिलेल्या आकड्याच्या निम्मा असतो, फॅब्रिक तेवढंच हवं), नाहीतर आकडा वाढतो आणि प्रत्यक्षात पीसी मंदावतो. ३७३३ ला नीट चाललं तर १९०० चं बघू. सीएल शेवटी. आणि हे सगळं होईपर्यंत सीपीयू स्टॉकलाच ठेवायचा.

सीपीयूचं खरं तर ते ४.६ लॉक करणं मला पटत नाही. हा प्रोसेसर स्टॉकला ४.४ पर्यंत स्वतः जातो, पीबीओ (एएमडीची आपोआप बूस्ट वाढवायची सोय) चालू करून २०० मेगाहर्ट्झ दिले की गरज असेल तेव्हाच ४.६ च्या आसपास जाईल आणि एरवी निवांत पडून राहील. लॉक केल्यावर तो एक्सेल उघडतानाही तेवढंच व्होल्टेज पिणार.

रॅमायण
पीबीओसोबत कर्व्ह ऑप्टिमायझर (क्लॉकनुसार व्होल्टेज कमीजास्त करायची सेटिंग) खेळलास तर एक लक्षात ठेव, मायनसमध्ये जास्त गेलास की तो लोडवर नाही, रिकामा असताना मरतो. गेम तासभर चालतो आणि नंतर डेस्कटॉपवर काहीच चालू नसताना रीस्टार्ट होतो, मग माणूस एसएमपीएसला शिव्या घालत बसतो. आणि हो, अर्धवट बूट होताना विंडोजच्या फायली खराब झाल्या असतील तर अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएफसी स्कॅननाऊ (विंडोजच्या फायली तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवून घे, पण मेमटेस्ट पास झाल्यावरच, आधी नको. खराब रॅमवर दुरुस्ती केली तर दुरुस्तीच खराब होते.

खटपट्या
मेमटेस्ट लावलाय, पहिला पास चालू आहे. एरर शून्य.