शब्दचर्चा : ‘प्रचार’ ही शिवी केव्हापासून झाली?

सीताबर्डीकर : एप्रिल २०२४ मध्ये दूरदर्शनच्या डीडी न्यूज या वाहिनीच्या बोधचिन्हाचा लाल रंग जाऊन भगवा आला, तेव्हा प्रसार भारतीचे (दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणारी संस्था) माजी मुख्य कार्यकारी अधिकारी जवाहर सरकार म्हणाले की ही आता प्रसार भारती नाही, ‘प्रचार भारती’ आहे. (रंग नारिंगी आहे, हे प्रसार भारतीचं उत्तर.) कोटी झकास. पण आपल्या नागपूरशेजारी वर्ध्याला १९३६ पासून राष्ट्रभाषा प्रचार समिती आहे, तिच्या नावात कुणाला खोट दिसली नाही. मग इथे तोच शब्द का टोचतो?

गोकुळपेठ : मुळात निरुपद्रवी शब्द. प्र + चर्, म्हणजे चालणं, वापरात असणं. ‘ही म्हण आता प्रचारात नाही’ असं आपण अजूनही लिहितो. प्रसार म्हणजे प्र + सृ. घरातला ‘पसारा’ त्याचाच नातलग. फरक कर्त्याचा आहे. डेंग्यूचा प्रसार होतो, प्रचार होत नाही. प्रचार कुणीतरी करावा लागतो, आणि करणाऱ्याला त्यातून काही हवं असतं. निवडणुकांनी तो अर्थ घट्ट केला: प्रचारसभा, छुपा प्रचार, प्रचाराच्या तोफा थंडावल्या. नागपुरात तर ‘प्रचारक’ म्हटलं की अर्ध्या गावाला आदर वाटतो, उरलेल्या अर्ध्याच्या कपाळाला आठी पडते.

महालवाला : आता सरळच बोला ना बाप्पा! ३ ऑक्टोबर २०१४ ला सरसंघचालकांचं दसऱ्याचं भाषण दूरदर्शननं इथून थेट दाखवलं. विरोधक म्हणाले, सरकारी यंत्रणेचा गैरवापर. दूरदर्शन म्हणालं, आम्ही बातमी म्हणून दाखवलं. आमच्या घरी भाषण राहिलं बाजूला अन् भांडण लागलं शब्दावर. बाबा म्हणे दूरदर्शन सरकारी, मी म्हणे सार्वजनिक.

जुना श्रोता : दोघंही बरोबर, कारण ‘सार्वजनिक’ला मराठीत दोन तोंडं आहेत. सार्वजनिक गणपती मंडळाचा, वर्गणीचा. सार्वजनिक बांधकाम खातं मात्र सरकारचं. सर्वोच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठानं १९९५ साली क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सांगितलं, ते पहिल्या अर्थानं. प्रसार भारती कायदा १९९० चा, लागू झाला १९९७ मध्ये. त्यात ‘स्वायत्त’पणाची हमी आहे आणि कलम २३ मध्ये केंद्र सरकारला निर्देश देण्याची सोयही आहे. स्वायत्त म्हणजे स्वतःच्या ताब्यातलं. कलम २३ वाचल्यावर हा ‘स्व’ कोण, असा प्रश्न पडतो.

गोकुळपेठ : वर्गणी भरली की आपलं होतं, हे तितकंसं खरं नाही. रेडिओचं लायसन असायचं, पोस्टात पैसे भरावे लागत. तेव्हाही लोक ‘सरकारी रेडिओ’च म्हणत. आणीबाणीत ‘ऑल इंदिरा रेडिओ’ हे नाव पडलं ते लायसन भरणाऱ्यांच्याच तोंडून. आणि ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिराजी गेल्याची बातमी बीबीसीनं दुपारी दिली, आकाशवाणीनं संध्याकाळी. त्यामुळे हा अविश्वास आजच्याच सरकारचा म्हणणाऱ्यांनी थोडं मागे जाऊन पाहावं. खुर्ची बदलली, शेरा तोच राहिला.

जुना श्रोता : त्यातही एक बारकावा आहे. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ चं. त्यावरचे बाजारभाव आणि पावसाचा अंदाज यांना आमच्या खेड्यात कुणी ‘सरकारी’ म्हटलं नाही. ‘आकाशवाणीवर सांगितलं’ म्हणजे खरं. तोच डबा, पण दिल्लीच्या बातम्या लागल्या की ‘हे सरकारी आहे’ म्हणून लोक उठायचे. म्हणजे ‘सरकारी’ हे मालकीचं विशेषण नव्हतंच. सांगणाऱ्याचा फायदा कशात आहे हे ओळखून लावलेलं होतं. (मूळ आकाशवाणी ऐकणारा कंस मात्र भलताच भाबडा. लगेच विश्वास ठेवून मोकळा!)

सीताबर्डीकर : हा मुद्दा पटला. पण माझा प्रश्न राहिलाच, टोचणारा अर्थ नेमका कुठून आला?

धरमपेठ : निवडणुकीइतकाच साहित्य समीक्षेतून, असं मला वाटतं. ‘प्रचारकी कविता’, ‘प्रचारकी नाटक’ हे शेरे आपल्याकडे जुने आहेत. ‘प्रचार’ तसा सभ्यच राहिला, बदनाम झाला तो ‘की’ लागल्यावर. एड्सविरोधी प्रचार चालतो, प्रचारकी बातमी चालत नाही. त्यामुळे एकतर्फी बातमीपत्राबद्दल लिहायचं तर नेमका मराठी शब्द ‘प्रचारकी’. ‘सरकारी’ लिहिलंत तर जिल्हा माहिती कार्यालयातला बिचारा कारकूनही त्यात सापडतो, आणि खासगी वाहिन्या फुकट सुटतात.

महालवाला : हाव, बरोबर आहे. पण ‘प्रचारकी भारती’ म्हणून पाहा एकदा. कोटी मेली ना राजेहो!