टास्कबार हाइड केलाय पण तो मधेच वर येऊन बसतो, खाली जातच नाही

खिडकीतला_बाबा:
मंडळी, विंडोज ११ आहे. टास्कबारवर राइट क्लिक, टास्कबार सेटिंग्ज, त्यात टास्कबार बिहेवियर्स, आणि तिथे ऑटोमॅटिकली हाइड वर टिक, एवढं केलंय. सुरुवातीला छान लपतो पण थोड्या वेळाने वर येतो आणि मग तिथेच ठाण मांडून बसतो, फुल स्क्रीन व्हिडिओवर सुद्धा खाली पट्टी दिसतेच. आणि दुसरा त्रास याच्या बरोबर उलटा, लॅपटॉपच्या वरच्या बाजूला एक मॉनिटर लावलाय, त्यावर टास्कबार बोलवायला माउस खाली नेला की बाण सरळ लॅपटॉपवर उतरतो, पट्टी काही येत नाही. रीस्टार्ट करून झालं. कोणी सांगेल का?

रात्रपाळी:
कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघड, यादीत विंडोज एक्सप्लोरर शोध, राइट क्लिक करून रीस्टार्ट. पट्टी क्षणभर गायब होऊन परत येईल, घाबरू नको. एंड टास्क मात्र मारू नको, मारलंस आणि स्क्रीन रिकामी राहिली तर टास्क मॅनेजरमधूनच रन न्यू टास्क करून explorer डॉट exe ऐवजी नुसतं explorer (इंग्रजीत) टाइप केलं तरी चालतं.

जुनाट_कीबोर्ड:
वरचा उपाय तात्पुरता आहे रे, तासाभरात परत तेच होणार. टास्कबार अडकतो तेव्हा बहुतेक वेळा एखादं ॲप तुझं लक्ष मागत असतं. पट्टी वर आली की आधी आयकॉन नीट बघ, एखाद्याची पाटी लालसर-केशरी झालेली असेल, चॅटचं ॲप म्हणा, डाउनलोड संपलेला ब्राउझर म्हणा, किंवा मागे लपलेला "सेव्ह करायचं का" विचारणारा डबा. त्या आयकॉनवर एकदा क्लिक केलं की पट्टी गुपचूप खाली जाते. रोजच होत असेल तर त्या ॲपच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशन कमी कर, शिवाय टास्कबार बिहेवियर्समध्येच शो फ्लॅशिंग ऑन टास्कबार ॲप्स असा पर्याय आहे, त्याची टिक काढून बघ.

आणि कोणी रजिस्ट्रीतली (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यातली) एखादी नोंद डिलीट कर म्हणालं तर लगेच ऐकू नकोस. एका टिकवर भागणाऱ्या कामाला ते नको.

दोन_पडदे:
मॉनिटरचं मी सांगते, माझा सेटअप अगदी असाच आहे. पट्टी वर येते ती माउस स्क्रीनच्या कडेला टेकला की, पण तुझ्याकडे वरच्या स्क्रीनच्या खाली लॅपटॉपची स्क्रीन सुरू होते, म्हणजे कड अशी उरतच नाही, बाण टेकणार कुठे? सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले मध्ये जा, तिथे १ आणि २ असे दोन डबे दिसतील, त्यातला मॉनिटरचा डबा ओढून लॅपटॉपच्या वर न ठेवता बाजूला लाव, अप्लाय कर. प्रत्यक्षात मॉनिटर वर असला तरी चालतं, फक्त माउस बाजूने न्यायची सवय लावावी लागते, दोन दिवस चिडचिड होते खरी. डबा हलवायचा नसेल तर विंडोज की आणि टी दाब, माउस न हलवता पट्टी वर येते आणि मग बाणाच्या कीजनी आयकॉन निवडता येतात.

खिडकीतला_बाबा:
पकडला चोर! चॅटचंच ॲप होतं, आयकॉन अगदी टोकाला असल्यामुळे रंग बदललेला लक्षातच येत नव्हता, क्लिक केलं आणि पट्टी गेली. फ्लॅशिंगची टिकही काढली. डबा बाजूला लावून बघितला पण मला काही ते जमेना, परत वर ठेवलाय, विंडोज की आणि टी वर भागतंय. एक राहिलं, वरच्या मॉनिटरवर पट्टी नकोच असेल तर?

दोन_पडदे:
मग सोपं आहे, त्याच टास्कबार बिहेवियर्समध्ये शो माय टास्कबार ऑन ऑल डिस्प्लेज ची टिक काढ. पट्टी फक्त मेन डिस्प्लेवर राहील, तेवढा लॅपटॉप मेन आहे का ते डिस्प्ले सेटिंगमध्ये बघून घे.